स्थळ पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्याकडं लग्नासाठी स्थळ शोधायची एक ठरलेली रीत आहे. मुलगी सावळी असली तर ‘गव्हाळ’ म्हणायचं. मुलाची नोकरी कच्ची असली तर ‘खासगी कंपनीत आहे’ म्हणून विषय बदलायचा. चष्म्याच्या नंबराचा विषय तर साखरपुड्यापर्यंत निघतच नाही. उणं झाकायचं आणि बरं तेवढं पुढं करायचं. आमच्यात निकाहाची बोलणी होतात, तिथंही याहून वेगळं काही घडत नाही. दोन बहिणींची आणि एका मुलीची स्थळं मी पाहिली आहेत, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत.

2023 साली मात्र मला असं एक स्थळ शोधावं लागलं, की जिथं ही रीत साफ उलटी करावी लागली. सगळं उणं आधी सांगायचं, स्पष्ट सांगायचं, आणि एवढं ऐकूनही जो ‘मग कधी येऊ?’ म्हणेल त्याच्याच हाती सोपवायचं. हे स्थळ एका कुत्रीसाठी हवं होतं. मागचे दोन्ही पाय लुळे पडलेल्या, गल्लीत वाढलेल्या, गावठी कुत्रीसाठी. आज त्या शोधाबद्दलच थोडं बोलणार आहे.

तिचं नाव बिजली. कोल्हापुरात आमच्याच गल्लीत ती लहानाची मोठी झाली. पोरांनी हे नाव तिच्या धावण्यावरून ठेवलेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात, गल्लीच्या तोंडाशी एक चारचाकी तिच्या कमरेवरून गेली आणि न थांबता निघून गेली. बिजली पुढच्या दोन पायांवर अंग ओढत गटाराच्या कडेपर्यंत आली आणि तिथंच पडून राहिली. शहरात कॉलेजात शिकणारी चार-पाच मुलं-मुली जखमी जनावरांसाठी धावपळ करत असतात. त्यांनी तिला पोत्यावर घालून दवाखान्यात नेलं. गल्लीतलं वडीलधारं माणूस म्हणून मीही बरोबर गेलो.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मागच्या पायाची बोटं चिमट्यानं दाबून पाहिली. अशा वेळी जनावरानं मान वळवून बघितलं, कण्हलं, तर आशा असते. दुखणं मेंदूपर्यंत पोचतंय, म्हणजे मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही. बिजलीनं मान वळवली नाही. डॉक्टर म्हणाले, “काका, ही पुन्हा चालेल असं मी सांगणार नाही. पण ही मरणाला टेकलेलीही नाही. खाते, माणूस ओळखते, अंगात जोर आहे. घर मिळालं तर कितीतरी वर्षं जगेल. रस्त्यावर परत गेली तर पंधरा दिवस काढणार नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “घासून घासून जखमा हाडापर्यंत गेल्या, तर मात्र तिला शांतपणे झोपवणंच माणुसकीचं ठरेल. दोन-तीन महिने बघू.”

म्हणजे मुदत ठरली.

इथं नियमांचं थोडं सांगायला हवं, कारण ‘नगरपालिकेच्या गाडीला का नाही दिली?’ असं मला अनेकांनी विचारलं. भटक्या कुत्र्यांना मारून न टाकता त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, हे सूत्र आपल्याकडं 2001 च्या नियमांनी आणलं. मार्च 2023 मध्ये नवे नियम आले, त्यांचाही गाभा तोच आहे. असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला पशुवैद्यानं तपासून वेदनारहित मरण द्यावं, अशीही तरतूद त्यांत आहे. म्हणजे व्यवस्थेला दोन दारं आहेत. धडधाकट असेल तर परत रस्ता, आणि वाचण्यासारखं नसेल तर मरण. बिजली या दोन्हींच्या मधली होती. रस्त्यावर जगू शकत नाही, पण मरायलाही टेकलेली नाही. अशा जनावरासाठी तिसरं दार लागतं, आणि ते सरकारी नसतं. ते कुणाच्या तरी घराचं असतं.

पुढं 2025 साली सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा विषय गाजला. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात न्यायालयानं असंही म्हटलं, की ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं आहे त्यांनी पालिकेकडं अर्ज करावा, पण एकदा घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. मला हे दुसरं वाक्य पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं.

मुलांकडं जागा नव्हती. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आधीच सतरा जनावरं होती. म्हणून घर मिळेपर्यंत बिजली आमच्या परसदारी आली. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याचं काय काय करावं लागतं, हे मी तिथं शिकलो. अशा कुत्र्याला पुष्कळदा स्वतःहून लघवी करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटाला दोन्ही बाजूंनी हळूच दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. ते चुकलं की आत संसर्ग होतो, आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो. एकाच कुशीवर पडून राहिलं की अंगाला जखमा होतात, म्हणून ठरावीक वेळानं कूस बदलायची, खाली मऊ आणि कोरडं अंथरायचं. पायांना रोज मालिश, सांध्यांची हालचाल. यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते रोज करणं, आणि वेळेवर करणं.

आता तुम्ही विचाराल, मग तुम्हीच का नाही ठेवून घेतली? आमचं घर दोन खोल्यांचं. अम्मा ब्याऐंशी वर्षांची, पाच वेळची नमाजी. मी कविसंमेलनांच्या निमित्तानं महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेर. माझ्यामागं पंधरा किलोची कुत्री उचलणारं घरात कुणी नाही. ज्या घरात दिवसातून चार वेळा कुणीतरी हजर राहू शकत नाही, ते घर प्रेमळ असलं तरी तिच्या उपयोगाचं नाही. हा हिशेब मी पहिल्याच आठवड्यात केला आणि मुलांना सांगितला.

दुसरा प्रश्न लोक जरा चाचरत विचारायचे. ‘तुमच्यात कुत्रं चालतं का हो?’ त्याचं सरळ उत्तर देतो. आमच्या बहुतेक फकीह मंडळींच्या मते कुत्र्याची लाळ नापाक आहे. त्यानं भांड्यात तोंड घातलं तर ते सात वेळा धुवावं, असं हदीसमध्ये आहे. नमाजाची जागा आणि कपडे त्यापासून जपायचे असतात. इमाम मालिक यांचं मत वेगळं होतं, ते कुत्र्याला नापाक मानत नसत. शिकारीसाठी, गुराढोरांसाठी, शेताच्या राखणीसाठी कुत्रं पाळायला मुभा आहेच. थोडक्यात, घरात कुठवर येऊ द्यायचं याबद्दल नियम आहेत, पण त्याला हाल होऊन मरू द्यावं असं कुठंही सांगितलेलं नाही.

अम्मानं पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. “अरे, ये मुसीबत घर में कायकू लाया?” मी काही बोललो नाही. परसदार आणि घर यांच्यामध्ये फळी लावली, बिजलीची भांडी वेगळी ठेवली, माझे कपडे वेगळे. चौथ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर फळीजवळून अम्माचाच आवाज आला, “उसकू पानी दिया क्या रे?” तेव्हापासून तो प्रश्न रोजचा झाला.

मुलांनी पहिलं निवेदन तयार केलं. बिजलीचा पावसात भिजलेला फोटो, खाली ‘या मुक्या जिवाला कुणी घर देईल का?’ ते मोबाइलवरून गावभर फिरलं. पंधरवड्यात चाळीसेक फोन आले. फोन घ्यायचं काम माझ्याकडं होतं. जवळजवळ प्रत्येक फोनची सुरुवात ‘बिच्चारी’ या शब्दानं व्हायची. माणसं खरंच हळहळत होती, त्यात खोटं काही नव्हतं. एका बाईंनी फोनवर रडून घेतलं. एका सद्गृहस्थांनी औषधाला पैसे पाठवले, आणि त्या पैशांचा उपयोगही झाला. पण ‘मी नेतो’ म्हणणारा भेटेना.

एकांनी विचारलं, “मळ्यावर राखणीला चालंल का? भुंकती का?”

म्हटलं, “भुंकते. पण चोराच्या मागं धावणार नाही.”

“मग काय उपेग?”

त्यांच्या बाजूनं प्रश्न रास्त होता. एका आजींना ती मनापासून हवी होती, पण त्यांना स्वतःलाच काठी लागत होती. एका कुटुंबानं नेली आणि आठव्या दिवशी रिक्षातून परत आणली. गालिचा खराब होतो, मुलं अभ्यासाला बसत नाहीत, असं म्हणाले. त्यांनी ती परत आणून दिली, परस्पर कुठं सोडून दिली नाही, याबद्दल मी त्यांचे आभारच मानले.

दयेला आपल्याकडं तोटा नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, त्यांना चार वेद मानतात. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात नरसोबाच्या वाडीला जाणारा प्रत्येक माणूस ती तसबीर घरी घेऊन येतो. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे. कुत्र्याला मागं ठेवून स्वर्गात यायला धर्मराजानं नकार दिला, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपलेच. आमच्या कुराणात गुहेतल्या लोकांची कथा आहे. श्रद्धेसाठी घर सोडून गुहेत झोपलेले ते तरुण आणि त्यांच्या उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा. इतकी वर्षं सगळ्यांच्या देवघरांत आणि कथांत कुत्रं दाराशी बसलेलंच आहे. प्रश्न असा आहे, की खरं कुत्रं दाराशी आलं तर काय करायचं?

आणि हा प्रश्न पैशानं सुटत नाही. टाटा समूहाचं मुंबईतलं मुख्यालय म्हणजे बॉम्बे हाउस. 2018 साली त्या इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा तिथल्या भटक्या कुत्र्यांसाठी खास जागा केली गेली. त्याच रतन टाटांनी 2020 साली समाजमाध्यमावर लोकांना एक विनंती केली. स्प्राइट नावाच्या कुत्र्याचे मागचे पाय अपघातानंतर लुळे पडले होते, त्याला घर मिळवून द्यायला मदत करा. त्याआधीही त्यांनी अशीच काही कुत्र्यांसाठी विनंती केली होती. टाटांना एखादं कुत्रं सांभाळायला माणसं ठेवता आली नसती का? आली असती. पण नोकरानं वेळच्या वेळी घातलेलं खाणं वेगळं आणि घर वेगळं, हे त्या माणसाला कळत होतं. म्हणून एवढ्या मोठ्या उद्योगपतीनंही आपल्यासारखंच चारचौघांना विचारलं.

लोकांच्या नकारामागं नुसता आळस नसतो, भीतीही असते, आणि ती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसं रेबीजनं मरतात, आणि जवळजवळ सगळ्यांना तो कुत्र्याकडूनच होतो. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, असंच समजायचं. म्हणून कुत्रं चावलं, नुसतं ओरबाडलं, तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. पण हाच रोग लसीनं आवरतो. शेजारच्या गोव्यात 2014 पासून गावोगाव, वाडीवाडीवर कुत्र्यांना लस टोचत गेले आणि तिथला रेबीज आटोक्यात आला. ज्यांच्या घरी अपंग कुत्रं येणार आहे त्यांना आम्ही म्हणूनच आधी लसीचं कार्ड दाखवत होतो, मग फोटो.

पहिल्या निवेदनानं हळहळ मिळाली. आता घर मिळवायला दुसरं निवेदन लिहायचं ठरलं. शब्दांशी माझा रोजचा संबंध, मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी एकही विशेषण न वापरता लिहिलं. ते असं होतं:

‘कुत्री, गावठी, मादी, वय अंदाजे पाच वर्षं, वजन पंधरा किलो. अपघातात मागचे दोन्ही पाय गेले आहेत, ते परत येणार नाहीत. लघवी दिवसातून चार वेळा हातानं काढावी लागते. शौचावर ताबा नाही. उजव्या मांडीवर एक जखम आहे, ती भरत आहे. नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे. अनोळखी माणसावर भुंकते, चावत नाही. मांजर खपत नाही. जिना चढू शकत नाही, म्हणून तळमजल्याचं घर हवं. घरात दिवसभर एक तरी माणूस हवं. सगळं कसं करायचं ते आम्ही शिकवू. नाही जमलं तर केव्हाही परत घेऊ.’

मुलं म्हणाली, “काका, हे वाचून कोण नेणार?” खरंच, चाळीसाचे फोन सहावर आले. पण त्या सहांपैकी एकानंही ‘बिच्चारी’ म्हटलं नाही. प्रत्येकानं काहीतरी विचारलं. प्रश्न विचारणारा माणूस मनातल्या मनात जनावराला आपल्या घरात फिरवून बघत असतो.

मधल्या काळात गावानं हात दिला, तेही सांगायला हवं. ओढून ओढून बिजलीच्या मागच्या पावलांची साल निघत होती. चप्पल लाइनीतल्या एका कारागिराकडं मी तिचं पाऊल कागदावर आखून घेऊन गेलो. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या कारागिरानं कुत्र्याच्या पायाचं माप कधी घेतलं असेल असं वाटत नाही. त्यानं मऊ चामड्याचे दोन मोजे शिवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “कुणाला सांगू नका फक्त. उद्या गल्लीतली सगळी कुत्री रांग लावतील.” ते मोजे बघून अम्माला हदीसमधली गोष्ट आठवली. वाळवंटात तहानेनं व्याकूळ झालेलं कुत्रं बघून एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरलं, तो दातांत धरून वर आला आणि त्या कुत्र्याला पाजलं. तेवढ्यावर अल्लानं त्याला माफ केलं. अम्मा म्हणाली, “वो भी मोजाच था.”

उद्यमनगरातल्या एका फिटरनं ॲल्युमिनियमची नळी वाकवून दोन चाकांचा गाडा केला. लहान मुलांच्या सायकलीची बाजूची चाकं, मध्ये कापडी झोळी, पुढं पट्टा. तीन वेळा माप चुकलं, चौथ्यांदा बसलं. गाड्याला जोडल्यावर बिजली आधी मिनिटभर जागची हलली नाही. मग गल्लीच्या टोकापर्यंत जी सुटली, ती वळताना उलटीच झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक सांगतो, असा गाडा दिवसभर बांधून ठेवायचा नसतो, कारण त्यात कुत्र्याला बसता-झोपता येत नाही. अर्धा-पाऊण तास पुरे. अमेरिकेत 2002 साली जन्मलेली फेथ नावाची कुत्री पुढच्या पायांविना, मागच्या दोन पायांवर माणसासारखी चालायला शिकली आणि 2014 पर्यंत जगली. जखमी सैनिकांच्या रुग्णालयात तिला भेटीला नेत असत. जनावर आपल्या उण्या अंगाचं दुःख करत बसत नाही. जे उरलंय त्यावर ते कामाला लागतं.

दिवाळी मात्र कठीण गेली. फटाक्यांच्या आवाजाला कुत्री पळतात, कोपरे शोधतात. बिजलीला पळताच येत नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती फळीला अंग दाबून थरथरत होती आणि मी कानाला हात लावून तिच्याजवळ बसलो होतो. मांडीवरची भरत आलेली जखम त्या तडफडीत पुन्हा फाटली. डॉक्टरांनी दिलेली मुदत तर केव्हाच उलटून गेली होती. ड्रेसिंग करताना ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज बाईंचा, वयस्कर.

“भाऊ, लघवी हातानं काढता का नळी घालता?”

“हातानं. डॉक्टरांनी शिकवलंय.”

“किती वेळा?”

“चार.”

“जखम केवढी हाय?”

“रुपयाएवढी होती. परवा पुन्हा फाटली.”

“वास येतोय का जखमंला?”

“नाही.”

“मग भरंल. वजन पंधरा म्हणालाय. आमचे मालक उचलतील. एस.टी.त होते, जन्मभर स्टेपनी उचललीय. मग कधी येऊ बघायला?”

बाई निवृत्त परिचारिका होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी माणसांच्या कुशी बदलल्या होत्या, जखमा धुतल्या होत्या. यजमान निवृत्त ड्रायव्हर. कसबा बावड्यात तळमजल्याचं घर, मागं अंगण, मुलगा पुण्याला. दोघं आली, तेव्हा बाईंनी बिजलीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आधी जखम बघितली. मग हिरड्या बघितल्या. मग म्हणाल्या, “हं. आता बस माझ्याजवळ.” बिजली भुंकली नाही.

तरी आम्ही घाई केली नाही. मुलं त्यांच्या घरी जाऊन आली. फरशी फार गुळगुळीत आहे का, फाटकाला फट आहे का, शेजाऱ्यांची हरकत आहे का, हे पाहिलं. सिस्टर चार दिवस आमच्याकडं येऊन लघवी काढायचा हात शिकून गेल्या. खरं तर दुसऱ्याच दिवशी त्या माझ्यापेक्षा चांगलं करत होत्या. पंधरा दिवस चाचणीचे ठरले. एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. त्यात ‘काही कारणानं सांभाळणं जमलं नाही, तर कुत्री दुसऱ्या कुणाला न देता आमच्याकडंच परत द्यावी’ हे एक कलम होतं. आणि त्या दोघांपैकी कुणी आजारी पडलं तर चार दिवस कोण बघणार, तेही नाव लिहून घेतलं. ते नाव माझं आहे.

न्यायच्या दिवशी अम्मा फळीपाशी खुर्ची टाकून बसली होती. सिस्टरना म्हणाली, “रात को पानी रखना. आधी रात को उठती वो.” सिस्टर म्हणाल्या, “ठेवीन हो आजी.” एवढंच बोलणं झालं.

बिजली आजही बावड्यात आहे. जखम भरायला पुढचे दोन महिने लागले. तोंडावरचे केस पांढरे झालेत. गाड्याची चाकं दोनदा बदलली. मांजर अजून खपत नाही.

श्रोतेहो, या सगळ्यातून मला जे उमगलं ते एवढंच. अपंग जनावराला घर मिळवायचं तर मनं हेलावणारे शब्द उपयोगाचे नाहीत. ते लोकांना फोनपर्यंत आणतात, दारापर्यंत नाही. उणं जितकं नीट सांगाल, तितकं नेणारं माणूस नेमकं मिळतं. कारण अशा जनावराला सांभाळू शकणारी माणसं गावात असतातच. कुणी आजारी सासूचं अंथरूण वर्षानुवर्षं बदललेलं असतं, कुणी गोठ्यात रात्री काढलेल्या असतात, कुणी रुग्णालयात पाळ्या केलेल्या असतात. त्यांना दया शिकवावी लागत नाही. काम काय आहे तेवढं सांगावं लागतं.

तेव्हा एक विनंती. असं एखादं आंधळं, तीन पायांचं, लुळं कुत्रं घर शोधतंय असं कधी तुमच्या कानावर आलं, आणि मनात हललं, तर फोन करायच्या आधी घरातल्या घड्याळाकडं बघा. सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला आपल्या घरात कोण असतं, ते बोटांवर मोजा. चारही वेळी कुणीतरी असेल, तर जरूर फोन करा. नसेल, तर ज्यांच्या घरी असतं अशा माणसापर्यंत ते निवेदन पोचवा. बिजलीच्या वेळी ते सिस्टरपर्यंत पोचवलं होतं त्यांच्या दूधवाल्यानं. त्यानं काही फार केलं नव्हतं. कागद घडी घालून खिशात ठेवला होता आणि योग्य दाराशी काढला होता.